दिवाळीनंतर चार दिवस एकटीने शांत कुठेतरी जायचंय, सुचवा प्लीज

अर्धीझोप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहायची वेळ आज आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गणपतीच्या आधी नवऱ्याची बायपास झाली. वय ४६, सिगरेट नाही की दारू नाही, जिना चढताना छातीत भरून आलं म्हणून दाखवायला गेलो तर थेट अ‍ॅडमिटच. देवाच्या कृपेने सगळं नीट पार पडलं. आता तो रोज सकाळी सोसायटीत चार चकरा मारतो, वरणभात कंटाळवाणा आहे म्हणून कुरकुरतो, डॉक्टर खुश आहेत. आणि हे सगळं मार्गी लागल्यावर आता माझी वाट लागलीये.

हॉस्पिटलात असताना मी एकदाही रडले नाही. कॅशलेसच्या अप्रूव्हलसाठी भांडले, रक्ताच्या पिशव्यांसाठी फोनाफोनी केली, मुलीची सहामाही, सासूबाईंचं पथ्यपाणी, लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं काम, सगळं रेटलं आणि आता जेव्हा काहीच करायचं नाहीये तेव्हा रात्री अडीचला जाग येते ती येतेच. आयसीयूच्या बाहेर सिक्युरिटीवाले काका दार किलकिलं करून ओरडायचे, "अमुक पेशंटचे नातेवाईक कोण?" आणि खुर्च्यांवर पेंगणारे आम्ही सगळेच्या सगळे उठून उभे राहायचो, नाव आपलं नसलं तरी. झोपेत तोच आवाज येतो आणि मी उठून बसते. मग नवऱ्याचा श्वास चालू आहे ना ते बघते. मग सकाळ.

दुसरी गोष्ट सांगायला थोडं अवघड वाटतंय. मी फार भाविक वगैरे नाही पण नास्तिकही नाही. सासूबाई तुळजापूरला नवस बोलल्यात, देवीची ओटी, अभिषेक आणि घरी गोंधळ. ते होईलच, माझी काही हरकत नाही. पण मला माझं असं काहीतरी म्हणायचंय देवाला, तो वाचला त्याबद्दल, आणि ते रांगेत उभं राहून "चला चला पुढे चला" मध्ये होणार नाही. घरच्या देव्हाऱ्यासमोर बसले तर दोन मिनिटांत डोक्यात गोळ्यांच्या वेळा सुरू होतात.

तर तीन-चार दिवस, एकटीने, झाडं असावीत, पाणी असलं तर छानच, आणि मुख्य म्हणजे कुणी माझ्याशी बोलू नये. पुण्यापासून फार लांब नको, काही झालं तर परत येता आलं पाहिजे. रेन डान्सवालं रिसॉर्ट नको. 'वेलनेस रिट्रीट' असं सर्च केलं तर एका रात्रीचे रेट बघून माझीच अँजिओग्राफी करायची वेळ येईल. मैत्रीण म्हणते विपश्यनेला जा. कुणी केलीये का? आणि खरं खरं सांगा, असं जाऊन काही होतं का, की नुसती जागरणाची जागा बदलते?

जुना_साधक

ताई, मी इगतपुरीला केलंय आणि नंतर मरकळला पण (आळंदीजवळ, तुम्हाला तेच जवळ पडेल). विपश्यनेबद्दल माझ्या मनात फक्त आदरच आहे आणि म्हणूनच सांगतो, आत्ता जाऊ नका.

कारण ते विश्रांतीचं ठिकाण नाही, काम आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारला बसायचं, रात्री साडेनऊला दिवे बंद, मधे सगळं मिळून साधारण दहा तास ध्यान. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना देतात. फोन जमा, वाचन नाही, लिखाण नाही, नऊ दिवस आर्य मौन, म्हणजे खुणा आणि नजरानजर पण नाही. नवीन साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळ, नंतर काही नाही. नवीन माणसाला चार दिवसांचा पर्याय नसतो, पहिलं शिबिर पूर्ण दहा दिवसांचं करावं लागतं आणि मधून उठून येणं चांगलं नाही. पैसे घेत नाहीत हे खरं आहे, राहणं जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आणि दान पण शिबिर पूर्ण केलेल्याचंच घेतात. १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र असंच चाललंय.

अजून एक मुद्दा, तुमच्या दुसऱ्या गोष्टीसाठी. शिबिरात असताना जप, माळ, पूजा, उपास सगळं बाजूला ठेवायचं असतं, ती पद्धतच तशी आहे. तुम्हाला देवाशी बोलायचंय. तिथे तुम्ही दहा दिवस स्वतःच्या श्वासाशी आणि दुखणाऱ्या गुडघ्याशी बोलाल. दहाव्या दिवशी मौन सुटतं तेव्हा मंगल मैत्री असते, सगळ्यांचं भलं होवो अशी, आणि तेव्हा लोकांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या मी बघितल्यात. पण तिथवर पोचायला आधी झोप झालेली पाहिजे. फॉर्मवर तब्येतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल विचारतात ते उगाच नाही. वर्षभराने जा, मी स्वतः माहिती देईन.

सदाशिवपेठी

सगळे कुठे जायचं ते सांगतीलच, मी जाऊ नका म्हणायला आलोय.

एक, घरातल्या तिघांना चार दिवस नणंदेकडे नाहीतर दिराकडे पाठवा आणि तुम्ही स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर, पडदे ओढून झोपा. खर्च शून्य. दोन, कुठेही जायच्या आधी सीबीसी, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री करून घ्या. घरात मोठं आजारपण झालं की बाई नवऱ्याचे पन्नास रिपोर्ट फायलीला लावते आणि स्वतःचा एकही करत नाही, आमच्या घरीही हेच झालंय. तीन, आवाज कानात येऊन दचकून उठणं हे आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर डोंगर बघून जाईलच असं नाही, डॉक्टरांना सांगा. जायला लाज वाटत असेल तर टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. निदान फोन तरी करा.

देवाचं म्हणाल तर तो ऑनलाइन दर्शनालाही असतो आजकाल. घाई काय आहे?

घाटवाटा

सदाशिवपेठी काका टेस्टचं बरोबर बोलतायत पण घरी झोपा हे जमणार नाही, घरी राहिलं की कुकरची शिट्टी आणि कुरियरवाला आणि "वहिनी घरीच आहात ना" हे आलंच. मी भीमाशंकरच्या आजूबाजूला बरीच वर्षं फिरतोय त्यामुळे माझं मत सरळ आहुपे.

पुणे, मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता आत आत जातो आणि जिथे संपतो तिथे आहुपे. चार तास धरा, रस्ता शेवटी शेवटी खराब असतो. आंबेगाव तालुक्याचं अगदी टोक आहे ते, गाव संपलं की कडा, खाली सरळ कोकण, समोर गोरखगड मच्छिंद्रगडचे सुळके. संध्याकाळी तिथे बसलात तर खालून वारा असा येतो की ओढणी सांभाळावी लागते.

पण मी कड्यासाठी सांगत नाहीये, तिथल्या देवराईसाठी सांगतोय. भैरवनाथाची राई आहे. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी आत गेलं की पाचव्या पावलाला गार लागतं, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. मनगटाएवढे नाही, मांडीएवढे जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. पायाखाली पानांचा थर इतका की पाय टाकला की थोडा दबतो. वर कुठेतरी टक-टक-टक असा कर्कश आवाज आला तर मान वर करून शांत उभ्या राहा, शेकरू असतं, तांबूस पाठ आणि झुपकेदार शेपूट. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः ह्याच्यासाठी.

आता ही राई टिकली कशी? कुठल्या तारेच्या कुंपणाने नाही टिकली. देवाची आहे, तिथलं लाकूड घरी न्यायचं नाही, पडलेली काटकी पण नाही, एवढंच. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या अशा राया हिंडून नोंदवल्या तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके झाले होते आणि देवाच्या नावावर ठेवलेले हे तुकडे तेवढे उभे होते. गावातले बहुतेक लोक महादेव कोळी. भाताची एकपिकी शेती आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून विकायचा ह्याच्यावर वर्षाचं गणित. म्हणजे पैशाची गरज त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त होती आणि तरी त्यांनी कुऱ्हाड घातली नाही. मी फारसा देवभोळा नाही पण तिथे गेल्यावर चपला बाहेर काढून हात जोडतो. कुणाला जोडतो ते मला विचारू नका.

राहायची सोय गावात घरगुती असते, पिठलं भाकरी, रस्सा, तांदळाची भाकरी मागितली तर ती. दिवाळीनंतर गेलात तर भाताची कापणी-झोडणी चालू असेल, त्यामुळे बोलायला कुणाला वेळच नसतो, तुम्हाला तेच पाहिजे. शनिवार-रविवार मात्र टाळा, ट्रेकर लोकांचे ग्रुप येतात (त्यात मी पण असतो, सॉरी).

भंडारदरा अजिबात सुचवणार नाही, तो पण शनिवारी. तलाव सुंदर आहे, विल्सन धरण १९२६ चं, रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर तर काय बोलायलाच नको, पण सीझनला काठावर तंबूंच्या रांगा आणि प्रत्येक तंबूचा वेगळा स्पीकर. कुणी काजवे बघायला जा म्हणेल तर ते मे अखेर ते पहिला पाऊस एवढेच असतात आणि तेव्हा तिथे काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त.

सातेरीची_लेक

मी सिंधुदुर्गातली, सध्या मुक्काम पोस्ट पिंपरी. तुम्हाला लांब नको आहे हे वाचलंय तरी लिहिते, बाकीच्यांना उपयोग होईल.

आमच्याकडे आंबोली. पुण्याहून निपाणी-आजरा मार्गे, सावंतवाडीची एसटी तिथूनच घाट उतरते. पावसाळ्यात धबधब्यावर जी काय जत्रा असते ती विसरा, दिवाळीनंतर सगळं ओसरलेलं असतं, जळवा पण गेलेल्या असतात. हिरण्यकेशीच्या उगमावर सकाळी सातला जा. गुहेतून पाणी येतं, पुढे कुंड, बाजूला देऊळ. त्या कुंडात एक बोटभर मासा आहे, ती जात नवीन म्हणून नोंदली गेली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. लोक आधीपासून त्या पाण्यातले मासे पकडत नव्हतेच, देवाचे म्हणून.

आभार मानण्याबद्दल. आमच्या गावात देवराहाटीत (म्हणजे देवराईत) गेलं की आपण काही म्हणायचं नसतं, गुरव किंवा मानकरी आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतात, "बा देवा म्हाराजा" करून, आणि बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. माझ्या बाबांना अपघात झाला होता, ते बरे झाले तेव्हा आईला देवळात नेलं. आईला शब्दच फुटेनात, नारळ हातात धरून नुसती उभी. गुरवकाका म्हणाले तू रव गप, मी सांगतंय. आणि त्यांनी सांगितलं, नाव, गाव, काय झालं, कुणी धावपळ केली, सगळं, अगदी ट्रकवाल्याने गाडीत घातलं ते पण. आई "होय म्हाराजा" एवढंच म्हणत राहिली आणि ढसाढसा रडली. तेव्हापासून मला वाटतं की आभार आपणच, आपल्याच शब्दांत, अगदी शांततेत मानले पाहिजेत असं काही नाही. थकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या शब्दांवर थोडं टेकलं तरी चालतं.

एकच सूचना. कुठल्याही राईत, तुमच्या आहुप्याच्या पण, शिरायच्या आधी गावात विचारा. काही ठिकाणी बायकांनी कुठपर्यंत जायचं ते ठरलेलं असतं, काही ठिकाणी काहीच नसतं. नंतर वाद नको.

अर्धीझोप

बापरे, एवढे रिप्लाय. ऑफिसच्या वॉशरूममध्ये उभी राहून वाचतेय आणि सातेरीची_लेक तुम्ही मला रडवलंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सदाशिवपेठी काका, हो, माझी एकही टेस्ट केलेली नाही. करते. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला जा, मी काही लहान बाळ नाही. सासूबाईंचा मात्र चेहरा पडला. "आत्ता कशाला बाई एकटीने जंगलात, आधी देवीचं तरी फेडून येऊ." आता त्यांना काय सांगू?

माईमावशी

बाळा, मी तुझ्या सासूच्या वयाची, म्हणून त्यांच्या बाजूने बोलते हं थोडं, रागावू नकोस.

नवस म्हणजे देवाशी सौदा असं आजकाल शिकलेली माणसं नाक मुरडून म्हणतात. तू म्हणाली नाहीस पण तुझ्या लिहिण्यात ते थोडंसं आलंय. जरा त्या खुर्चीवर त्यांना बसवून बघ. आत पोटचा मुलगा. फॉर्मवर सह्या तू करतेस, डॉक्टर तुझ्याशी बोलतात, इंग्रजीतले शब्द तुला कळतात, पैशाचं तू बघतेस. तिच्या हातात काय होतं? काहीच नव्हतं, एक ती तुळजापूरची आई होती. तिला तिने हाक मारली. आता ते फेडल्याशिवाय तिला पण झोप लागत नसणार, विचारून बघ एकदा रात्री अडीचला, जागीच सापडेल.

म्हणून मी म्हणेन आधी त्यांना तारीख दे. "आई, अमुक शुक्रवारी आपण तुळजापूरला जाऊ, गोंधळ्यांना तुम्ही सांगून ठेवा" एवढं म्हण, सगळं काम त्यांच्यावर सोपव, फुलं, खण, नारळ, कोण कोण जेवायला. त्यांना हुरूप येईल आणि तू सुटशील. मग तू जा तुझ्या जंगलात, परवानगी मागू नकोस, सांगून जा.

मी स्वतः आमचे हे गेले त्या वर्षी पावसला जाऊन राहिले होते, रत्नागिरीजवळ. स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आहे, १९७४ साली गेले स्वामी. भक्तनिवास साधंसं, आवाज नाही, कुणी काही विकायला मागे लागत नाही. दुपारी प्रसादाला पंगतीला बसायचं, आपलं ताट आपण धुवायचं. मला तिथे काही साक्षात्कार वगैरे झाला नाही, मी आपली दुपारभर झोपायचे. घरी दुपारी झोपलं की अपराध्यासारखं वाटतं, तिथे वाटलं नाही एवढंच. संध्याकाळी रिक्षाने गणेशगुळ्याला जायचे, समुद्र रिकामा. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला असं म्हणतात ना, बरंच झालं, गर्दीही त्याच्यामागे गेली. पुढे कधी जमलं तर नक्की जा.

सदाशिवपेठी

माईमावशी, नवसाबद्दलचं पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. देव असो नसो, म्हातारीला काम दिलं पाहिजे हे शंभर टक्के.

तरी माझा एक प्रश्न आहेच आणि तो भांडायला म्हणून नाही. नवरा वाचला तो सर्जन आणि भूलतज्ज्ञ आणि त्या रात्रपाळीच्या नर्समुळे, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा पेशंट गेला असेल तर त्यांनी कुणाचे आभार मानायचे? हे मला कधीच सुटलेलं नाही. म्हणून मी देवाचे आभार मानत नाही, न जाणो हिशोब मागितला तर.

ओ_निगेटिव्ह

सदाशिवपेठींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही पण एक जोड देतो. मी रक्तपेढीत काम करतो, नाव सांगत नाही.

ताईंनी लिहिलंय की रक्ताच्या पिशव्यांसाठी फोनाफोनी केली. त्या पिशव्या आल्या कुठून? कुणीतरी कंपनीच्या शिबिरात, कुणी गणेश मंडळाच्या शिबिरात, बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट घेऊन गेलेला एक माणूस. त्याला माहीत नाही ते कुणाला गेलं आणि तुम्हाला माहीत नाही कुणाचं आलं, आणि आम्ही सांगतही नाही. दिवाळीच्या आसपास आमच्याकडे कायम तुटवडा, कारण कॉलेजं बंद, लोक गावाला. तुमच्या नवसात आणि जंगलाच्या ट्रिपमध्ये एवढं एक घाला. पुरुषांना तीन महिन्यांतून एकदा, बायकांना चार महिन्यांतून एकदा देता येतं, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं. तुमची झोप नीट झाल्याशिवाय मात्र येऊ नका, आम्हीच परत पाठवू. घरातलं दुसरं कुणी आलं तरी पावलं. (पेशंटने स्वतः येऊ नये, हे सांगावं लागतं, लोक येतात!)

आणि काका, शेजारच्या खुर्चीवरचे पण येतात हो. ज्यांचा पेशंट गेला ते. दरवर्षी त्याच तारखेला येणारे एक गृहस्थ आहेत. बोलत नाहीत, बाही वर करून आडवे होतात.

सदाशिवपेठी

...बरं. माझं वय उलटून गेलंय नाहीतर आलो असतो. मुलाला पाठवतो.

अर्धीझोप

अपडेट देते. उशीर झाला, मधे दिवाळी झाली.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.८, बी-ट्वेल्व्ह पण कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तुम्ही चालताय कशा. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्यात. म्हणजे रक्तदान माझ्याकडून एवढ्यात नाही, पण दीर आणि जाऊ दोघंही देऊन आले, दिराने फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं दादासाठी. टेलि-मानसला पण फोन केला, रात्री तीनला. एक मुलगी होती, खूप सावकाश बोलत होती, तिने एका समुपदेशकांकडे जायला सांगितलंय, पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली.

तुळजापूरची तारीख ठरली. माईमावशी, तुमचा सल्ला चालला म्हणजे इतका चालला की सासूबाईंनी गोंधळ्यांशी स्वतः बोलून भाव पण केला आणि आता त्या मलाच म्हणतात, "तू ये जाऊन, मला इथे बरीच कामं आहेत." अडीचला विचारलं पण. जाग्याच होत्या. दोघींनी चहा केला. त्या म्हणाल्या त्यांना तो सिक्युरिटीवाला नाही ऐकू येत, लिफ्टचा आवाज येतो, कारण ऑपरेशनला नेताना ट्रॉली लिफ्टमध्ये गेली तेव्हा शेवटचं बघितलं होतं. आम्ही एका घरात राहून दोघींना हे माहीत नव्हतं.

आहुप्याला मंगळवारी निघतेय, शुक्रवारी दुपारी परत. घाटवाटांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) घर सुचवलं तिथे बोलले, घरातल्या ताईंनी एकच विचारलं, तिखट खाता का. काय म्हणायचं देवाला ते अजून काही ठरलेलं नाही, आणि आता ते ठरवून न्यायचं असं वाटतही नाहीये. सुचलं तर सुचलं, नाहीतर झोपेन.

दोन प्रश्न. गाडी मी स्वतः चालवू का एसटीने जाऊ, कारण डिंभ्याच्या पुढे रस्ता खराब म्हणालात आणि माझी झोप अजून अशीच आहे. आणि तिथे मोबाइलला रेंज असते का? नवऱ्याला रोज संध्याकाळी एक मेसेज तरी करायचाय, माझ्यासाठीच.

घाटवाटा

गाडी नको. झोप नसताना घाटरस्ता नको, शेवटच्या टप्प्यात वळणं फार आहेत. शिवाजीनगरहून मंचर किंवा घोडेगावपर्यंत एसटी भरपूर, घोडेगावहून आहुप्याच्या गाड्या दिवसात मोजक्याच असतात, त्यामुळे आदल्या दिवशी घोडेगाव स्टँडला फोन करून वेळ विचारा, नेटवरच्या वेळांवर जाऊ नका. चुकलीच तर घोडेगावात जीप मिळते, भाव करावा लागतो, सासूबाईंना घेऊन जा :)

रेंज धरून चालू नका, कुठल्या कंपनीची कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही राहणार त्या घरातल्या कुणाचा तरी नंबर नवऱ्याकडे देऊन ठेवा आणि त्याला आधीच सांगा की मेसेज नाही आला म्हणजे रेंज नाही, बाकी काही नाही. संध्याकाळी कड्याकडे गेलात की कधी कधी येते, विचारा त्यांनाच, गावातली पोरं बरोबर जागा दाखवतात.

टॉर्च, स्वेटर, कानटोपी न्या, रात्री चांगलंच गारठतं. बूट जुनेच घाला. राईत जाताना त्या ताईंनाच बरोबर न्या पहिल्यांदा. आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या विसरू नका, नाहीतर सदाशिवपेठी काका इथे येऊन ओरडतील.

सदाशिवपेठी

ओरडणारच. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, तासभर तरी अंतर ठेवा. लिंबू पिळून काहीतरी घ्या सोबत. आणि तिखट कमी खातो म्हणून सांगायचं होतं, आंबेगावचं तिखट झेपायचं नाही तुम्हाला.